मोठ्या गाँगमागच्या मावशी

अख्ख्या नॉर्थ कॅरोलिनात माझ्या मावससासूबाईंइतका तिखट कान दुसऱ्या कुणाला असेल, असं मला वाटत नाही. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ट्रंक कॉल जोडून त्या रिटायर झाल्या आणि सहा महिन्यांसाठी मॉरिसव्हिलला आमच्याकडे आल्या. डिशवॉशर आज कुठल्या सुरात घुरघुरतोय, शेजाऱ्याची गाडी का खोकतेय, हे त्या भाजी निवडता निवडता सांगत. इंडियन स्टोअरमध्ये एक पातेलं घ्यायचं तर दहा पातेली बोटाने वाजवून बघत. मी तेवढा वेळ मसाल्यांच्या रॅकमागे उभी असे.

एका दुपारी लायब्ररीत त्यांनी जावा बेटावरच्या गामेलान वाद्यवृंदाची फिल्म पाहिली. काशाच्या पट्ट्या, पालथ्या पातेल्यांसारखी वाद्यं, आणि मागे टांगलेला परातीच्या दुप्पट गाँग. ती कॅसेट घरी आली आणि टीव्ही आमच्या हातून गेलाच. सगळी वाद्यं फिरून फिरून एका जागी येत आणि तिथे गाँग पडे. तोवर घरात कुणी बोलायचं नाही. "थांब ना बाप्पा, येऊन राहिला तो," म्हणत त्या बोट वर धरून बसत. गाँग पडला की डोळे मिटून "आला!" माझी मुलगी वैतागून म्हणायची, "आजी, इट्स द सेम थिंग अगेन!"

मग त्यांनी स्वतःच युनिव्हर्सिटीत फोन केला आणि दर शनिवारच्या गामेलान ग्रुपमध्ये नाव घातलं. तिथले गुरुजी जावाचेच. पहिल्या दिवशी सुरांमधला भाव समजावताना ते 'रस' म्हणाले. मावशी गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "अगं, रस म्हणतो तो! आपलाच माणूस आहे." वाद्य ओलांडायचं नाही, हा तिथला नियम त्यांनी घरीही लावला. गालिच्यावर ठेवलेल्या मुलीच्या की-बोर्डला माझा नवरा वळसा घालून जाऊ लागला.

महिन्याभरात ग्रुपमधला मोठा गाँग वाजवायचं काम त्यांच्याकडे आलं. कार्यक्रमाच्या दिवशी नवरा टूरवर होता, म्हणून मी एकटीच गेले. सुरुवातीला मावशी सुती साडीवर माझा जुना स्वेटर घालून, अनवाणी, एकेका वाद्याला वाकून नमस्कार करत फिरल्या. लोक हसले. नमस्कार संपेनात, तसे आणखी हसले. मी खुर्चीत खाली सरकले.

इंटरव्हलला लॉबीत माझा मॅनेजर बायकोसोबत भेटला. ग्रीन कार्डाची माझी फाइल त्याच्याच टेबलावर होती. तेवढ्यात मावशी तशाच अनवाणी, "सूनबाई, ऐकलंस का?" करत माझ्याकडे आल्या. मॅनेजरने हसून विचारलं, "युअर फॅमिली?"

"नो, नो," मी म्हणाले. "शी इज समबडीज आंट फ्रॉम अवर कॉम्प्लेक्स. आय जस्ट गेव्ह हर अ राइड."

त्यांना इंग्रजी कळत नाही, असं मी क्षणभर मनाशी धरलं होतं. तीस वर्षं त्या साहेबलोकांचे कॉल जोडत होत्या. माझ्यापेक्षा स्वच्छ इंग्रजीत त्या मॅनेजरला म्हणाल्या, "येस, इट वॉज व्हेरी काइंड ऑफ हर." आणि आत गेल्या.

उत्तरार्धात गाँग वाजला तेव्हा कुणी हसलं नाही. माझ्या शेजारची म्हातारी बाई रुमाल शोधत होती. मला मान वर करवेना.

परतताना त्या नेहमीसारखं बोलल्या, घरी येऊन खिचडी टाकली, माझ्या नवऱ्याला फोनवर कार्यक्रम रंगवून सांगितला. लॉबीतलं अवाक्षर नाही. मी जिन्याशी एकदा "मावशी, ते मघाशी..." म्हटलं, तर म्हणाल्या, "झोप आता. दमलीस तू."

पुढच्या शनिवारी त्यांना सोडायला मी नेहमीसारखी गाडीची किल्ली घेऊन उभी राहिले. "असू दे गं," त्या म्हणाल्या, "गुरुजी येऊन राहिले घ्यायला. तुला कशाला त्रास?" त्यानंतर त्या नागपूरला परत जाईपर्यंत दर शनिवारी हेच. गुरुजींची जुनी व्हॅन खाली थांबे. मावशी पदर सावरत पुढच्या सीटवर बसत आणि दार लागायच्या आतच दोघं कशावर तरी हसायला लागत. निघताना त्या वर बघून हात हलवत. खिडकीतून मीही हलवत असे.