केसाळ पट्टीवरचं मेण

"तू हे मुद्दाम केलंस."

"मुद्दाम? सकाळी उठून चुलीपाशी मेणाची नळी ऊन करत बसलो, अंगठा पोळून घेतला, तो मुद्दाम?"

"अंगठ्याचं कौतुक नको सांगूस, ओदवार. हे बघ आधी."

रान्वेगने नवीकोरी स्की उलटी करून न्याहारीच्या टेबलावरच आडवी टाकली. पाव सरकला, संत्रं घरंगळत खाली गेलं. स्कीच्या मध्यावर, पायाखाली येते ती केसाळ पट्टी लाल चिकट मेणाने लडबडली होती. त्यात बर्चची सालपटं, पाइनच्या काड्या आणि रवाळ बर्फ रुतून बसला होता. बाई अंगणातून निघाली, चार पावलं गेली, की स्कीखाली बर्फाचे गोळे! उताराच्या तोंडाशी नुसती खुंटासारखी उभी. वर दोन अनोळखी माणसांनी जाता जाता विचारलं, "काय हो, मेण कुठलं?" नॉर्वेतल्या वाल्द्रेस खोऱ्यात ख्यालीखुशाली नंतर, मेण आधी.

"स्की म्हटली की मेण आलंच," ओदवार म्हणाला. "लग्न झाल्यापासून प्रत्येक ईस्टरला तुझ्या स्कींना मेण कोण लावतं?"

"ह्यांना लागत नाही! केसच बर्फ धरतात. म्हणून तर घेतल्या."

"मला काय ठाऊक? घेताना विचारलंस?"

रान्वेगने स्की उजेडाकडे वळवली. ती सहजासहजी काही मानून घेत नाही, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. निवृत्त होईपर्यंत तिने दुधाचा टँकर चालवला. गोठेवाला "आजचंच आहे गं" म्हणाला, तरी झाकण उघडून नाक खुपसल्याशिवाय तिने नळी कधी जोडली नाही. लोक चिडत. एकदा तर पाद्रीबुवांच्या भावाचं दूध तिने तसंच सोडून दिलं होतं.

आणि आज सकाळपासून तिला काहीतरी आंबूस लागत होतं. ओदवारने न मागता संत्रं सोलून दिलं होतं. "किती लांब जाणार?" दोनदा विचारलं होतं. त्याचा गुडघा गेल्यापासून ती दोन ईस्टर त्याच्यासोबत अंगणाभोवतीच घिरट्या घालत होती. आज मात्र तळं ओलांडून पलीकडे मैत्रिणीच्या, सुनिवाच्या केबिनवर जायचं ठरलं होतं. रात्री गोठलेला बर्फाचा वरचा थर दुपारपर्यंतच टिकणार, आणि उद्यापासून गरम वारा सुटून बर्फ वितळणार. म्हणजे आज नाही, तर थेट पुढच्या हिवाळ्यात.

ती टेबलावर वाकली. मेणाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

"चिकटपट्टी लावून मग मेण लावलंस ना?"

"नेहमीसारखं. कड सरळ नको यायला?"

"नेहमी टाचेपासून पुढे हातभर लावतोस. हे वीतभर कमी आहे." तिने मान वर केली. "नेमकं केसांपुरतं, ओदवार. दोन्ही टोकांना."

"झालं! टँकरवालीचं नाक लागलं कामाला."

"केस कशासाठी ते ठाऊक नव्हतं, तर नेहमीचं माप सोडून नेमके तेच कसे झाकलेस?"

ओदवारने खाली वाकून संत्रं उचललं, बाहीला पुसलं.

"तळ्यावरचा बर्फ आता भरवशाचा राहिला नाही," तो म्हणाला.

"काल सुनिवा त्यावरून आली. तूच तिला कॉफी पाजलीस. आणि भीती वाटत होती, तर तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नसते थांबले."

"मग?"

"मग म्हणून स्की नासवायची?" तिचा आवाज उलट खाली आला. "माझ्याकडे बघ. भीती बर्फाची होती, की मला तुझ्यावाचून जाता येईल याची?"

ओदवारने बाकावरची मेंढीची कातडी बगलेत मारली, कॉफीचा पेला उचलला आणि लंगडत दाराबाहेर, घराच्या उन्हाकडच्या भिंतीपाशी बसायला निघून गेला.