खंडेनवमीचं प्लॅटिनम

आमच्या विभागात प्लॅटिनमची एक क्रुसिबल होती. क्रुसिबल म्हणजे काच वितळवायची मूस. ही चहाच्या कपापेक्षाही लहान. ती वर्षातून एकदाच बाहेर निघायची, खंडेनवमीला. आमचे विभागप्रमुख सर ती आपल्या केबिनमधल्या लोखंडी कपाटातून स्वतः काढायचे, लाल फडक्यावर ठेवायचे, हळद-कुंकू वाहायचे. सगळा विभाग हात जोडायचा. पेढे वाटून झाले की क्रुसिबल परत कपाटात आणि किल्ली सरांच्या खिशात. तिच्यात काच वितळवलेली पाहिलेला माणूस मला तिथं भेटला नाही.

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर. घरात पदवी घेतलेला मी पहिला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापूरला पीएच.डी.ला लागलो, तेव्हा मला सगळ्याचंच अप्रूप होतं आणि सगळ्यांचेच उपकार वाटायचे. ग्रंथालयातल्या पंख्याचे, वसतिगृहातल्या गरम पाण्याचेसुद्धा. त्यातली बरीचशी कृतज्ञता अजून शाबूत आहे. सरांच्या वाट्याची तेवढी संपली.

सर माझे मार्गदर्शक. विषय त्यांनीच दिलेला: बोरोसिलिकेट काचेत अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड घातलं की तिची आतली रचना कशी बदलते. या काचेत बोरॉनचा अणू तीन ऑक्सिजनांशी जोडलेला असतो, नाहीतर चारांशी. चारांशी जोडून राहायचं तर त्याला जवळ सोडियम लागतो. अ‍ॅल्युमिना आलं की अ‍ॅल्युमिनियम स्वतः चार ऑक्सिजन धरून बसतो आणि तो सोडियम आपल्याकडे ओढतो. मग बोरॉन पुन्हा तीनवर येतो. इन्फ्रारेडच्या आलेखात चारवाल्या बोरॉनचा उंचवटा खचतो, तीनवाल्याचा वर येतो. किती, ते मोजायचं. आणि हे सगळं ताडायचं कशाशी, तर अ‍ॅल्युमिना अजिबात न घातलेल्या काचेशी. तिला आम्ही ‘शून्य’ म्हणायचो.

माझा शून्य दर वेळी वेगळा यायचा. भट्टीत जास्त वेळ राहिला की चारवाला उंचवटा खचलेला, जणू कुणी गुपचूप अ‍ॅल्युमिना टाकलंय. टाकलं होतंच. आम्ही सगळे ज्या पांढऱ्या क्रुसिबल वापरायचो, त्या अ‍ॅल्युमिनाच्याच होत्या. वितळलेली काच त्यांची भिंत खात होती. वापरलेली एक फोडून पाहिली, तर आत बोटाला खाच लागली.

मी केबिनमध्ये गेलो. “सर, प्लॅटिनमची द्या. शून्य एकदा नीट करून बघतो.”

“तुमच्या घरची कालवणाची कढई आहे काय रे ती?”

“सर, शून्यात अ‍ॅल्युमिना उतरतंय.”

“उतरू दे की. इतके प्रबंध झाले याच पांढऱ्या क्रुसिबलमधून. कुणाच्या शून्याला काय झालं नाही, तुझाच तेवढा शहाणा?”

दारातल्या शिपाईमामांनीही हात धुऊन घेतले. “देव हाय त्यो, पावणं. देवात कुठं रस्सा शिजवत्यात व्हय?”

सर इतके हसले की बशीत चहा सांडला. मग म्हणाले, “आलेखात शोभेल तो शून्य घे आणि मोकळा हो. मागावर कांड्या भरत बसला असतास. इथं कुणी आणलं, याची जाण ठेव.”

मला तेव्हा कळलं. क्रुसिबल खराब होईल, ही त्यांना भीतीच नव्हती. त्यांची स्वतःची डॉक्टरेट त्याच पांढऱ्या क्रुसिबलमधल्या शून्यावर उभी होती. एवढा मोठा माणूस, चहाच्या कपाहून लहान भांड्याला घाबरून त्याची पूजा करत होता. मी शोभेल तो शून्य घेतला नाही. सरांनी माझ्या प्रगती अहवालावर सही केली नाही. शिष्यवृत्ती थांबली, पदवीही जाईल असं दिसायला लागलं. मी एका ज्युनिअर कॉलेजात तासावर शिकवायला लागलो.

आई म्हणाली, “सरांस्नी राग आलाय न्हवं? मग पाया पड की जाऊन. काय झिजतंय?”

मी गेलो नाही. पुढं सर निवृत्त झाले. नव्या विभागप्रमुख बाईंनी माझं अडकलेलं काम आपल्या मार्गदर्शनाखाली घेतलं, कपाट उघडलं, क्रुसिबल पाहिली आणि मला बोलावून घेतलं. “हा काय दागिना आहे? न्या, वापरा.”

तळाशी कुंकवाचा थर बसला होता. अ‍ॅसिडात उकळूनही पहिल्यांदा भट्टीत तापवली तेव्हा देवघरासारखा जळका वास आला. शून्य मात्र पुन्हा पुन्हा तोच आला. चारवाला उंचवटा ताठ उभा. अ‍ॅल्युमिना वाढवत गेलो तसा तो पायरी-पायरीनं उतरत गेला, जसा उतरायला हवा होता तसाच. प्रबंधात मी पांढऱ्या क्रुसिबलचं प्रकरण सगळं लिहिलं. खाचेच्या फोटोसकट.

मौखिक परीक्षेला सरांना रीतीप्रमाणे बोलावणं गेलं. पुढच्या खुर्चीत बसले, आलेख बघून मान डोलावली, जेवले. पदवी जाहीर झाल्यावर उठून म्हणाले, “हे काम माझ्याच काळात सुरू झालं. पोरगा कृतज्ञ आहे.” मग बसले आणि बूट खुर्चीखालून जरा पुढं सरकवले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मागच्या रांगेत आईही होती. मी उभाच राहिलो. बराच वेळ ते बूट तसेच पुढं होते.