देव्हाऱ्यातलं मत

माझ्या धाकट्या भावाचं मत एकदा आमच्या देव्हाऱ्यात चार दिवस मुक्कामाला होतं. एका अंगाला खंडोबा, दुसऱ्या अंगाला बाळकृष्ण, आणि मधे लोकशाही. घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. ज्याला असायला हवा होता तो मी, कारण हे मत मीच हट्टानं मागवलं होतं.

बहात्तरची विधानसभेची निवडणूक. आदल्या डिसेंबरात लढाई थांबली होती, पण फौजा मागं हटल्या नव्हत्या आणि आमचा सर्जेराव अजून सीमेवर खंदकात होता. आमचं गाव इस्लामपूरपासून नऊ मैलांवर. गावात ऊस आणि फौज हे दोनच धंदे. घरटी एकजण उसात तर दुसरा पलटणीत. त्यामुळं त्या महिन्यात पारावर एकच वाद पेटला होता. सीमेवर बसलेल्या जवानाला मत असावं की नसावं?

"त्याला हितलं काय म्हाईत? उमेदवार काळा का गोरा बघितला न्हाई, आन मत कशाच्या जिवावर देनार?" एकजण म्हणायचा.

"मंग आपुन तरी कुठं बघितलाय? निवडून आल्यावर तर आजाबात दिसत न्हाई," दुसरा म्हणायचा.

या वादात शेवटचा शब्द हवालदार तात्यांचा. तात्या आमच्या शेजारचे, मोठ्या लढाईत बर्माच्या जंगलात लढून आलेले. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी त्यांनी दाढी कधी सकाळी सहानंतर केली नाही. ते म्हणायचे, "जवानाला हुकूम लागतोय, मत न्हाई. आज मत द्याय शिकला की उद्या बंदूक कुनीकडं रोखायची त्यावर बी हात वर कराय लागतील."

हे ऐकून माझं डोकं तडकायचं. मी तेव्हा साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होतो, म्हणजे दिवसभर उसाच्या गाड्या वजन करायच्या. पण त्याआधी सांगलीला दोन वर्षं कॉलेज केलेलं आणि वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळवलेलं! (उत्तेजनार्थ. पण बक्षीस ते बक्षीस.) मी पारावर उभा राहून वीस मिनिटं बोललो. जो देशासाठी जीव द्यायला तयार आहे त्याला एक शिक्का मारायचा हक्क नको? घरात बसून तंबाखू मळणाऱ्याला मत आणि खंदकात बसणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय? तंबाखू मळणारे दोघं उठून गेले. तात्या म्हणाले, "बोलतोस झ्याक. कारखान्यात फुकट चाललाईस."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. सर्जेरावाला सहा पानी पत्र लिहिलं. तुझं पहिलंच मत आहे, टपालानं मतपत्रिका येईल, ती भरून पाठवायचीच. कुणाला दिलंस ते विचारणार नाही, पण नाही दिलंस तर तोंड दाखवू नकोस. सहा पानांत मी सगळ्या जगाच्या लोकशाहीचा इतिहास बसवला. 'पाकीट थेट निवडणूक कचेरीला पाठव' हे एक वाक्य तेवढं राहून गेलं.

आता आमच्या आईचे कायदे सांगायला हवेत. कायदा पहिला : घरातली कुठलीही पहिली गोष्ट आधी देवाला दाखवायची. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, पहिला पगार, सर्जेरावाच्या भरतीचा कागद, घरात आलेला रेडिओ, सगळं देव्हाऱ्यापुढं हळदकुंकू लावून घेऊन मगच कामाला लागलं. (रेडिओच्या जाळीत कुंकू गेलं. तेव्हापासून बातम्या खोकत यायच्या.) कायदा दुसरा लढाईतला. डिसेंबरात सर्जेरावाचं एक पत्र आम्ही अमावास्येला फोडलं आणि त्यात त्याच्या पायाला छर्रे लागल्याची बातमी निघाली. छर्रे लागले होते पंधरा दिवस आधी, पण आईनं सगळा दोष अमावास्येवर टाकला. तेव्हापासून पोराचं पत्र आलं की ते न फोडता देवापुढं ठेवायचं, आणि रविवारी, खंडोबाच्या वारी, नारळ फोडून मगच उघडायचं.

"आगं आई, काही निकडीचं असलं तर?" मी म्हणायचो.

"चार दिसानं काय शिळं हुतंय व्हय पत्र? भाकरी हाय का ती?"

तर त्या आठवड्यात बुधवारी सर्जेरावाचं एक जाडजूड पाकीट आलं आणि आईनं ते रीतसर देव्हाऱ्यात बसवलं. मी तिकडं जाता-येता हात जोडत होतो. मतदान रविवारी होतं.

रविवारी सकाळी तात्या आले. पोराचं पत्र ऐकायला ते नेमानं यायचे. सकाळी सातला रांगेत पहिला नंबर लावून त्यांचं मतदान उरकलं होतं. आईनं नारळ फोडला, मी पाकीट फोडलं. आतून आणखी एक लांबडं, छापील, चिकटवून बंद केलेलं पाकीट निघालं, सोबत सूचनांचा छापील कागद आणि एक चिठ्ठी. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

"आय, हे माझं पयलं मत. साहेबाची सही झाली, पाकीट बंद केलंय. आप्पानं लय लिवलं म्हनून दिलं. पन पयलं हाय म्हनून आदी घरी धाडतोय. देवाम्होरं ठेव, हळदकुंकू लाव आन मग आप्पाकडनं पोस्टात टाक."

मी छापील कागदावरच्या बारीक सूचना वाचल्या. मतमोजणी सुरू व्हायच्या आत कचेरीत पोचलं पाहिजे. मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला! सूचनांवरून मान वर केली तर आईनं तोवर पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद आणि मधोमध कुंकू लावून वर दोन अक्षता चिकटवल्या होत्या.

"आगं आई, मत बाद होईल ना!"

"देवाचं कुंकू लागून कोन बाद हुतंय व्हय?"

तात्यांनी पाकीट हातात घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. मला वाटलं आता हसतील, पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. ते म्हणाले, "आमी बर्मात लढलो तवा आमाला कुनी ईचारलं न्हवतं, तुमाला काय वाटतंय म्हनून. ईचारायचं असतंय ह्येच म्हाईत न्हवतं. आप्पा, सायकल काढ."

"तात्या, पण तुम्ही तर याच्या विरुद्ध होता."

"मत द्यावं का न्हाई, त्यात मी ईरुद्ध हाय. खंदकातल्या पोरानं दिल्यालं वाया घालवायला मी कवा हो म्हनलं? चल."

"आन तुजं मत रं?" आईनं विचारलं.

"पाचपर्यंत आहे. येऊन देतो," मी म्हणालो आणि टांग मारली.

एस.टी.च्या गाड्या निवडणुकीच्या कामाला गेलेल्या, म्हणून सायकलच. मागच्या कॅरेजवर तात्या, अंगात लष्करी कोट, कोटाच्या आतल्या खिशात सर्जेरावाचं मत. तात्यांचं वजन, माझ्या काट्याच्या अंदाजानं, लहानशा उसाच्या गाडीएवढं. मला वाटलं होतं म्हातारा माणूस गप्प बसेल. पण ते मागून "लेफ्ट राइट, लेफ्ट राइट" करत होते आणि माझा पाय लेफ्टला आला की त्यांचं राइट व्हायचं. तीन मैलांवर बाभळीचा काटा टायरमध्ये घुसला. सायकल एका वस्तीवर टाकली आणि आम्ही चालायला लागलो.

एवढ्यात मागून एका उमेदवाराची कर्णा लावलेली जीप आली. प्रचार बंद झाला होता, कर्णा मुका होता, पण आतला कार्यकर्ता मुका नव्हता. "कुठं निगाला तात्या?"

"सीमेवरचं मत घिऊन इस्लामपूरला."

कार्यकर्त्याचे डोळे चमकले. "बसा बसा! कुनाला हाय मत?"

"आत बंद हाय. तुला दिसतंय का? मला बी दिसत न्हाई."

त्यानं बसवून घेतलं, पण जीप निघाली भलत्याच वाटेनं. म्हातारी माणसं मतदानाला आणायची होती म्हणे. दर वस्तीवर थांबायचं, आणि थांबलं की हा पठ्ठ्या सांगायचा, "जवानाचं मत आलंय गाडीत!" मग काय, बाया तांब्या-आरती घेऊन बाहेर! तात्यांना खिशातून पाकीट काढावं लागायचं आणि वस्तीगणिक त्यावर कुंकू चढायचं. एका आजीनं पाकिटालाच ओवाळलं आणि विचारलं, "माजा नातू बी तिकडंच हाय. त्येचं बी ह्येच्यात हाय का रं?" तात्या म्हणाले, "त्येचं येगळं यील, आक्का." ती आजी पदरानं डोळे पुसत पाकिटाच्या पाया पडली. मग मलाही जीपवाल्यावर रागावता येईना.

नऊ मैलांना चार तास लावून आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा दीड वाजला होता. टेबलामागच्या कारकुनानं पाकीट दोन बोटांत धरलं. "हे काय आहे?"

"मत," मी म्हणालो.

"मला वाटलं, लग्नाची पहिली पत्रिका."

"बाद होईल का साहेब?" माझा आवाज रडका झाला होता.

त्यानं नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली, चष्मा पुसला. "बाहेरच्या कुंकवाबद्दल नियमात काही नाही. चिकटवलेलं शाबूत आहे, पत्ता वाचता येतो. चालेल." मी सुस्कारा सोडला. "पण हातोहात घेता येणार नाही. टपाली मत टपालानंच यायला पाहिजे."

"आवं, तुमच्या म्होरं तर हाय," तात्या म्हणाले.

"माझ्यापुढं आहे, टपालातून आलेलं नाही."

आणि रविवार! पोस्ट बंद. मग आम्ही पोस्टमास्तरांचं घर शोधलं. ते जेवून आडवे झाले होते. तात्यांनी दारात उभं राहून असा काही खणखणीत सलाम ठोकला की बिचारे बनियनवरच उठून उभे राहिले. सगळं ऐकून म्हणाले, "पोस्टाच्या दारातल्या लाल पेटीत टाका. सकाळी सहाला मी स्वतः उघडतो. शिक्का मारून साडेसातला कचेरीत."

म्हणजे एवढी वरात काढून शेवटी पाकीट एका लाल पेटीतच टाकायचं होतं. मी ते टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. मी हात झटकून म्हणालो, "चला तात्या."

तात्या पोस्टाच्या पायरीवर बसले. "तू जा. मी हितंच हाय सकाळपतुर."

"अहो, पेटी कुठं पळून जाणार आहे?"

"पोरगं चार म्हयने खंदकात बसलंय. मला एक रात पायरीवर बसाय काय हुतंय? सहाला पाकीट निगालं, साडेसातला आत गेलं, ह्ये डोळ्यानं बघूनच येनार." त्यांनी कोटाची बटणं लावली. जवानाला मत नको म्हणणारा हा माणूस! मी वाकून पाया पडलो, कोपऱ्यावरनं त्यांना चहा-भजी आणून दिली, आणि निघालो.

परतीला वाहन एकच मिळालं, कारखान्यावर ऊस टाकून रिकामी चाललेली बैलगाडी. ते बैल आयुष्यात कधी घाईत नव्हते. मी गाडीवानाला घड्याळ दाखवलं. तो म्हणाला, "पावणं, बैलास्नी घड्याळ कळत न्हाई." शेवटचे दोन मैल मी पळत काढले. गावच्या शाळेच्या दाराशी पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. दार बंद, आत पेटीला लाखेची सीलं लागत होती.

"वेळ संपली," दारावरचा पोलीस म्हणाला.

मी त्याला मताच्या हक्कावर सांगायला लागलो. त्यानं पाच मिनिटं मन लावून ऐकलं. "लय भारी बोलता," तो म्हणाला, "फकस्त येळंवर या."

घरी जाताना डाव्या हाताच्या बोटाला, जिथं शाई असते तिथं, मी रुमालाची चिंधी बांधली आणि आईला कोयता लागल्याचं सांगितलं. आई आठवडाभर त्यावर हळद दाबत होती. सोमवारी दुपारी तात्या ताठ चालत आले. "पोचलं. माज्या देखत आत घेतलं," एवढंच बोलले आणि माझ्या बोटाकडं बघत राहिले. "काट्यावरच्या कारकुनाला कोयता कुटला लागतोय रं?" पण पुढं काही बोलले नाहीत. फौजी माणूस, गुपित राखायचं ते राखलं.

महिन्यानं सर्जेरावाचं पत्र आलं. रविवारी नारळ फुटला, मी वाचायला बसलो. समोर आई, शेजारी तात्या.

"आप्पा, माझं मत पोचलं, तात्यांनी कळवलं. वाचून छाती भरून आली. आमच्या तुकडीत समद्यांस्नी दाखवलं. तुझ्यामुळं झालं. तू कुनाला दिलंस ते ईचारत न्हाई, गुप्त असतंय म्हनत्यात."

मी थांबलो. तात्यांना खोकला लागला.

"पर मला तरी सांग की," आई म्हणाली. "कुनाला दिलंस रं?"

"आई," मी गंभीरपणे म्हणालो, "मत गुप्त असतं."

आणि ते मी आजवर गुप्तच ठेवलंय. इतकं, की मतपेटीलासुद्धा कळू दिलं नाही.