पंचमीची सुई

सापाला खोकता येत नाही. छातीत कफ साचला तर तो बाहेर टाकायची सोय त्याच्या शरीरात नसते. मग तो मान उंच धरतो, तोंड किंचित उघडतो आणि श्वास ओढत राहतो. हे मला अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, सांगितलं. ती हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला बुटका अजगर, रायापूरच्या आमच्या घरी मागच्या खोलीत काचेच्या पेटीत होता. रीतसर नोंदणी केलेला. आई त्या खोलीत पाऊल टाकत नसे. "लोकांच्या घरी नातवंडं, आमच्या घरी जनावर," असं ती आल्यागेल्याला सांगे. अक्कानं लग्न केलं नव्हतं. टोमणा तिला होता.

श्रावणात वीज सारखी जात होती. पेटीखालचा गरम पट्टा थंड पडे, आतला भुसा दमट राही. सापानं आधी उंदीर नाकारला. त्याचं अक्काला विशेष वाटलं नाही, तो अधूनमधून उपाशी राहायचाच. नंतर तिनं पेटीला कान लावला, तेव्हा आतून बारीक टकटक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी नाकपुडीवर फेसाचा बुडबुडा दिसला. तिनं भुसा काढून कोरडे कागद अंथरले, इन्व्हर्टरची वायर पट्ट्यापर्यंत ओढली आणि हुबळीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. सुया द्याव्या लागतील, ते म्हणाले. औषध बाहेरून मागवलं. ते डॉक्टरांकडे आलं नागपंचमीच्या सकाळी.

मी अक्काला गाडीतून हुबळीला नेलं. डॉक्टरांना सोबत घेऊन आम्ही परतलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

शेजारच्या बायका दरवर्षी आमच्याकडे मातीच्या नागाला दूध घालायला येत. त्या वर्षी त्यांना मागच्या खोलीची आठवण झाली. आईनंच दार उघडून दिलं होतं. पेटीचं झाकण काढलेलं होतं. कापूर जळत होता, उदबत्त्यांचा धूर छताला लागला होता. एकेक बाई नाव घेत वाटीतून दूध सोडत होती, देवाच्या वाट्याचं, गुरूच्या वाट्याचं, आईच्या, वडिलांच्या. कागद भिजून लगदा झाला होता. साप कोपऱ्यात मान ताठ वर करून, तोंड उघडून होता.

"बघ गं," आई अक्काला म्हणाली, "कसा मान वर करून दर्शन देतोय!"

"आई, त्याला श्वास घेता येत नाहीये."

"सणाच्या दिवशी असं अभद्र बोलू नये."

"हा आफ्रिकेतला आहे. याला फणासुद्धा नाही."

"फणा नसला म्हणून काय झालं, अक्का," शेजारीण म्हणाली, "नागप्पाच की तो."

अक्कानं खिडकी उघडली. पावसाळी गारठा आत आला, तशी तिनं ती अर्धी लोटून घेतली. बाहेर गारठा, आत धूर. ती पदरानं सापाचं तोंड पुसू लागली. डॉक्टरांनी सिरिंज भरली.

"डॉक्टर," आई म्हणाली, "आज आम्ही भाजीसुद्धा चिरत नाही. तुम्ही नागाला सुई टोचणार?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग बायकांकडे. सुईवर टोपण बसवलं.

"आज बेडा री, अक्का," ते म्हणाले. "आज नको. आमच्या घरीपण पाळतात. उद्या सकाळी पहिलं काम हेच."

"मग मी टोचते. कुठे, किती, तेवढं सांगा."

"तुमच्या हातानं नको. चुकलं तर माझ्यावर येईल."

त्यांनी औषधाची बाटली बॅगेत ठेवली. मी त्यांना थांबा म्हणालो. ते चपला शोधत होते. बायका प्रसाद घेऊन पांगल्या. अंगणात कुणीतरी झोका बांधला होता, त्यावर दोघी हसत होत्या.

अक्कानं कागद बदलले, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आणि काचेला कान लावून बसली. टकटक दुपारपर्यंत ऐकू येत होती. चहाच्या वेळी ती थांबली. अक्का आणखी बराच वेळ कान लावून होती.

मग तिनं परसातून कुदळ आणली.

"आज जमीन खणायची नाही," आई म्हणाली. "कशात तरी गुंडाळून ठेव. उद्या करू."

"सुईसुद्धा उद्याच होती," अक्का म्हणाली आणि कढीलिंबाच्या झाडाखाली खणायला लागली. झोक्यावरच्या दोघी उतरून घरी गेल्या. जमीन ओली होती, वेळ लागला नाही. आईनं सगळा वेळ पाठ फिरवून ठेवली.

डॉक्टर सांगितल्याप्रमाणे सकाळी आले. अक्का कॉलेजला गेली होती. साप गेला, असं आईनंच त्यांना सांगितलं. "नागप्पानं सणाचाच दिवस निवडला," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. आईनं त्यांच्यापुढे पंचमीला केलेल्या तंबिटाच्या लाडवांची बशी ठेवली. त्यांनी एक खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि दुसरा उचलला.