गैरहजर यमुना

किती मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, याचं सर्वेक्षण आमच्या संगमनेरच्या कॉलेजात चाललं होतं. संख्याशास्त्राच्या शुभांगी भालेराव मॅडमनी चिठ्ठ्या टाकून नावं काढली. त्यातली यमुना महिनाभर गैरहजर होती.

विभागप्रमुख म्हणाले, "तिच्याऐवजी वर्गातली कुठलीही घ्या."

"नाही घेणार!" म्हणत मॅडम जीपनं थेट अकोले तालुक्यातल्या डोंगरात तिच्या घरी गेल्या. यमुना अंथरुणात होती, तपासलं तर हिमोग्लोबिन बाराऐवजी सहावर. "लई धाप लागती मॅडम, यष्टीपत्तुर चालवत न्हाई," ती म्हणाली.

परतल्यावर सर कुरकुरले, "एका पोरीसाठी एवढा आटापिटा?"

मॅडम कडाडल्या, "सर, जिला चालवत नाही, तीच वर्गात नसते. हजर तेवढ्याच तपासल्या, तर आपलं कॉलेज कायम ठणठणीतच निघेल!"