पहिल्या मजल्यावरची रांग

गेल्या मंगळवारी सलीमबरोबर विद्यापीठात गेले होते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, मला तिथून अजून एक सर्टिफिकेट काढायचंय...

सलीम माझा एम.एस्सी.चा वर्गमित्र, कसबा पेठेतला. लहानपणच्या पोलिओमुळे दोन्ही पायांना कॅलिपर, हातात कुबड्या. आणि आमचा परीक्षा विभाग पहिल्या मजल्यावर, बावीस दगडी पायऱ्या चढून.

त्याने पहिल्याच वर्षी लिफ्टसाठी अर्ज दिला. 'विषय विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. मग समिती नेमली गेली. समितीने पाहणी केली, चहा घेतला आणि पायऱ्या खरोखरच बावीस असल्याचं नमूद केलं.

त्यानंतर देशात काय काय झालं... फोनसाठी नंबर लावून बसणारे आम्ही खिशात फोन घेऊन फिरू लागलो. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या, त्यातल्याच एकीत सलीम नोकरीला लागला. सरकारं आली, गेली, कुलगुरू बदलले. विषय विचाराधीनच.

सलीमचं काम मात्र कधी अडलं नाही. कारण परीक्षा विभागातले क्लार्क, सबनीसकाका. तो आल्याचा निरोप गेला की काका रजिस्टर काखोटीला मारून, शिक्का खिशात टाकून खाली यायचे. "तू वर येऊ नकोस रे, वर बघण्यासारखं काही नाही," म्हणायचे. आम्ही वर रांगेत ताटकळत असताना जिन्याखालच्या बाकावर त्याचं काम उरकलेलं असायचं.

आम्हाला हेवा वाटायचा. सलीम एकदा मला म्हणाला होता, "काका फार चांगले आहेत गं. पण माझ्यासाठी दर वेळी कुणाला तरी खाली यावं लागतं."

आता काका रिटायर झालेत आणि लिफ्ट... आलीय. सलीमला कंपनीसाठी ट्रान्सक्रिप्ट हवं होतं. "ऑनलाइन अर्ज करता येतो की," मी म्हटलं. "येतो," तो म्हणाला, "पण तू गाडी काढ."

लिफ्टचं बटण त्याने स्वतः दाबलं. एका मजल्याचा तो काय प्रवास... मी काहीतरी खवचट बोलणार होते. पण तो दारावरचा आकडा बदलताना टक लावून पाहत होता.

वर रांग होती. पुढची मुलगी म्हणाली, "अंकल, तुम्ही पुढे जा ना." "नको बेटा, मी रांगेत आहे," असं म्हणून हा पाऊण तास कुबड्यांवर उभा. शेवटी नंबर आला, त्याने कागद आत सरकवले. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "लंच टाइम झाला. अडीचनंतर या." आणि खिडकी बंद.

मी भांडायला पुढे सरसावले, तर सलीमने कुबडी आडवी घातली. "थांब. काही बोलू नकोस." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "बघितलंस? तुम्हाला हाकलायचे ना, तस्संच."

कँटीनमध्ये वडा-सांबार खाल्लं. अडीचला पुन्हा रांगेत, पार शेवटून. आमच्यापुढे एकोणीस जण होते, हे सलीमनेच मोजून मला सांगितलं, भलत्याच कौतुकाने.

विद्यापीठांबद्दल मी पुष्कळ तिरकस लिहिलंय, पुढेही लिहीन. पण आज त्या खिडकीतल्या बाईंचे मनापासून आभार... त्यांनी माझ्या मित्राला कसलीही सवलत दिली नाही.