कलावतीच्या मागे कोण उभं होतं

"भीती इथे आहे," असं म्हणून डॉक्टरांनी पेनाचं टोपण पडद्यावरच्या पांढऱ्या डागावर टेकवलं.

तो डाग माझ्या बायकोच्या, कलावतीच्या डोक्यातला. उजव्या कानाच्या आतल्या अंगाला, लिंबाएवढा. नाव मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाला आलेली गाठ. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, हीसुद्धा नव्हती. पण ती टेम्पोरल लोबला दाबत होती. कानाजवळच्या या भागात अमिग्डाला नावाचा बदामाएवढा तुकडा असतो. भीती वाटायला तो लागतो. तिथे चाळवाचाळव झाली की माणूस कारण नसताना घाबरतो. याला फोकल सीझर म्हणतात, म्हणजे मेंदूच्या एका कोपऱ्यातून उठणारा झटका. हातपाय झडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही. नुसती भीती येते आणि मिनिटभरात जाते.

"किती दिवसांपासून घाबरतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"मग दोन वर्षं तुम्ही काय करत होता?"

भाषणं देत होतो. हे त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

मी उदगीरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. देव मानत नाही. गावोगाव फिरून जिभेवर कापूर जाळून दाखवला, नारळातून धूर काढून दाखवला. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा होते आणि गळ्यात इष्टलिंग, म्हणजे छोटं दगडी शिवलिंग येतं, ते मातीत जाईपर्यंत अंगावरच. माझं मी कॉलेजात असतानाच काढून ट्रंकेत टाकलं. कलावतीचं मात्र चांदीच्या डबीत गळ्यात असायचं. रोज सकाळी ते तळहातावर घेऊन ती पूजा करायची आणि मी पेपरामागून टोमणे मारायचो. लिंग अंगावेगळं झालं तर परत दीक्षा होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, अशी तिच्या माहेरची शिस्त. "दगडाला घाबरतेस," मी म्हणायचो. ती म्हणायची, "घाबरत न्हाई हो, सोबत वाटती."

मग तिला मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायला लागलं. भाकरी थापता थापता हात थांबायचा, पोटातून काहीतरी वर चढायचं, तोंड पांढरंफटक पडायचं. "अहो, बघा की, मागं कोन हाय?" मागे धान्याचं पिंप असायचं. मी तिला धरून पिंपासमोर उभं करायचो आणि विचारायचो, "हा का तुझा भूतबाबा?" एकदा तिच्या बहिणीसमोर, कंधारच्या अक्कासमोर, तिची नक्कल करून दाखवली. अक्का हसली नाही. कलावती मात्र हसली, मला वाईट वाटू नये म्हणून.

शेवटी बोलले कोण, तर आमच्या गल्लीत भिक्षेला येणारे जंगम स्वामी, लिंगायतांचे गुरू. त्यांनी तिला उंबऱ्यात पाहिलं. डोळे थिजलेले, ओठ चघळल्यासारखे हलत होते. मला म्हणाले, "मास्तर, हे देवाचं न्हाई आन् भुताचंबी न्हाई. हे डोस्क्यातलं हाय. लातूरला न्या."

कप्पाळ माझं! आयुष्यभर ज्यांची टिंगल केली, त्यांनी मला दवाखान्याचा रस्ता दाखवला. तुमच्या घरात कोणी असं मिनिटभर घाबरत असेल, तर माझ्यासारखं शहाणपण पाजळू नका. सरळ मेंदूच्या डॉक्टरकडे जा.

तो डाग ज्यात दिसला, त्या एमआरआयचं आता सांगतो. चुंबकाच्या मदतीने शरीराच्या आतली चित्रं काढणारं हे मशीन. माणसाला अरुंद बोगद्यात सरकवतात आणि आत खडखडाट होतो. धातू चालत नाही. तिथला तंत्रज्ञ भला होता. म्हणाला, "काकू, चांदीची डबी काढून द्या. नुसतं लिंग कापडात गुंडाळून मुठीत धरा, ते चालतंय." बोगद्याच्या भीतीमुळे तिला सिडेशन दिलं, म्हणजे गुंगीचं औषध. झोपता झोपता ती मला म्हणाली, "मूठ सुटली तर मिटवा हां. तुमी हाव म्हून झोपते."

मूठ सुटली. तंत्रज्ञ आणि नर्स पलीकडे कागद बघत होते. मी वाकलो आणि लिंग काढून माझ्या पँटच्या खिशात टाकलं, एसटीच्या तिकिटांबरोबर. मग तिची रिकामी मूठ नीट मिटवून दिली.

का केलं? गडबडीत झालं नाही, विसरलोही नव्हतो. मला पुरावा पाहिजे होता. पंचेचाळीस मिनिटं मी बाहेर बाकावर चहा पीत बसलो आणि मनातून चक्क खूश होतो. मशीन थांबल्यावर स्ट्रेचरवर ते परत मुठीत ठेवलं. जाग आल्यावर तिने मूठ कपाळाला लावली. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खरंच सांगितलं असतं. मी खोटं बोलत नाही, असा माझा बाणा.

आठ दिवसांनी ऑपरेशन झालं. क्रेनिओटॉमी, म्हणजे कवटीचा तुकडा उघडून गाठ काढणं. तेच डॉक्टर सर्जन, त्यांनी स्वतःहून सांगितलं, लिंग मनगटाला पट्टीने बांधा, आमची अडचण नाही. पाच तास लागले. त्या पाच तासांत मी कोणाला हात जोडले नाहीत, पण तीन वेळा उलटी केली. तेव्हा कळलं, माझ्याही डोक्यात तो बदाम आहे.

गाठ सगळी निघाली. चौथ्या दिवशी ती वरणभात जेवली. नवव्या दिवशी घरी. केस उतरवलेले, कानावर टाक्यांची ओळ. पण चेहरा दोन वर्षांपूर्वीचा. पाठीमागे कोणी नाही. भाकरी थापताना गाणं गुणगुणायची. एवढ्यावर गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं हो माझं?

भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती तेच सांगायची. "लिंग एक क्षण अंगावेगळं झालं न्हाई, म्हून वाचले." सर्जनचं नाव नाही, माझ्या धावपळीचं नाव नाही. पंधरा दिवस ऐकलं. सोळाव्या दिवशी कंधारची अक्का आली होती. कलावतीने परत तेच सुरू केलं आणि माझं डोकं सटकलं.

"पंचेचाळीस मिनिटं ते माझ्या खिशात होतं," मी म्हणालो. "तू मशीनमध्ये, ते तिकिटांच्या चुरगाळ्यात. काय झालं? काही झालं का? सांग की आता!"

अक्का म्हणाली, "दाजी, ह्ये काय बोलून राहिलात तुमी?"

कलावतीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हंजी तवापासून मी जेवून राहिले." बास, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून तिने अन्न सोडलं आणि भीती परत आली. या वेळी मिनिटाची नाही, दिवस दिवसभराची. भिंतीला पाठ लावून बसायची. परत लातूर, परत एमआरआय. या खेपेला गुंगीचं औषध घ्यायला तिने साफ नकार दिला, उघड्या डोळ्यांनी बोगद्यात गेली. मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. ईईजीही काढला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. दोन्ही स्वच्छ.

"गाठ नाही, झटका नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात काही झालं का?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "नोसिबो शब्द माहीत आहे ना? आपलं वाईट होणार, या विश्वासानेच माणसाचं वाईट होतं. गाठ मी काढली. हे मला काढता येणार नाही."

घरी येऊन मी आयुष्यातलं पहिलं खोटं बोललो. "कला, मी रागात थाप मारली गं. लिंग तुझ्या मुठीतच होतं. शपथ घेतो."

"कुनाची घेता?" तिने विचारलं.

माझ्याजवळ शपथ घ्यायला कोणी नव्हतं.

"तुमी खोटं बोलत न्हाईत," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, मला म्हाईत हाय."

शेवटी जंगम स्वामींच्या दारात मीच गेलो. "शरणार्थ," म्हणालो. लिंगायतांचा हा नमस्कार तोंडातून निघायला जड गेला. ते मला एका शब्दाने टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घरी येऊन तिला परत दीक्षा दिली, नवं लिंग बांधलं आणि स्वतःच्या हाताने पहिला घास भरवला. त्या दिवसापासून ती जेवते. डॉक्टरांनी दिलेल्या मनाच्या गोळ्याही घेते. वजन चार किलो वाढलंय.

मी आजही देव मानत नाही. त्या पंचेचाळीस मिनिटांत काही झालं नाही, हे आजही खरं आहे. ते खरं घेऊन मी बाहेरच्या खोलीत झोपतो, कारण मी आत असलो की तिचा डोळा लागत नाही.

सर्जनचे, त्या तंत्रज्ञाचे, नर्सबाईंचे आणि स्वामींचे आभार मानावेत तेवढे थोडे. माझी बायको त्यांनी वाचवली. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "काकू, आता मागे कोणी उभं असल्यासारखं वाटतं का?"

"कधीमधी."

"कोण असतं? दिसतं का कोणी?"

"पयले दिसत नव्हतं," कलावती म्हणाली. मी तिच्या खुर्चीमागे तिची फाइल घेऊन उभा होतो. तिने वळून पाहिलं नाही. नुसता पदराखालचा हात गळ्याशी नेला आणि मूठ घट्ट मिटली.